डुबकी मालवणात, त्रास घाटात

नौदलाची ‘आयएनएस गुलदार’ ही युद्धनौका १२ जानेवारी २०२४ रोजी निवृत्त झाली. सिंधुदुर्गात निवतीच्या खडकांजवळ तिला समुद्रतळाशी ठेवायचे आणि स्कूबा डायव्हिंग करणाऱ्यांना ती पाण्याखाली पाहता यावी, असा महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचा प्रकल्प आहे. अशा बुडीत काय सांभाळायचे हे प्रशिक्षक सांगतात. बुडीनंतर चढायच्या घाटाचा विचार मात्र पुण्या-मुळशीकडच्या माणसाने स्वतःच करायला हवा.

समुद्रात १० मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो, २० मीटरवर तिप्पट. या दाबाखाली श्वासातला नायट्रोजन रक्तात आणि ऊतींत जास्त विरघळतो. वर आल्यावर तो फुप्फुसांवाटे सावकाश, काही तास घेत बाहेर पडतो. तेवढ्यात भोवतालचा दाब आणखी घटला, तर सोड्याच्या बाटलीचे झाकण उघडल्यावर होते तेच शरीरात होऊ शकते. बुडबुडे!

मुळशी धरणाचा परिसर सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे. हवेचा दाब तिथे किनाऱ्यापेक्षा साधारण ७ टक्के कमी. विमानप्रवासापूर्वी एका बुडीनंतर किमान १२ तास आणि अनेक बुड्यांनंतर १८ तास थांबावे, असे ‘डायव्हर्स अलर्ट नेटवर्क’ सांगते. हा सल्ला लागू होतो तो ६०० मीटरच्या आसपासपासूनच.

इथे रस्त्याची निवड महत्त्वाची ठरते. मालवणहून फोंडा किंवा आंबोली घाटाने निघालात, तर दोनेक तासांत तुम्ही वर असता. माणगाव-ताम्हिणी मार्गाने चढण येते ती शेवटी, बऱ्याच तासांनी. तरी दिवसभरात दोन-तीन खोल बुड्या झाल्या असतील, तर किनाऱ्यावर मुक्कामच बरा. तारकर्लीत पाच-सात मीटरवर काही मिनिटे उतरणाऱ्या हौशी पर्यटकाला हा धोका फार कमी. त्याने उगाच घाबरू नये. ओल्या अंगाने एसी गाडीत कुडकुडत बसणे मात्र टाळावे, कारण थंडीने त्वचेकडचा रक्तप्रवाह मंदावतो आणि नायट्रोजन रेंगाळतो.

खांदा-कोपर ठणकणे, मुंग्या येणे, त्वचेवर चट्टे, चक्कर, विलक्षण थकवा ही लक्षणे. ‘पोहून अंग दुखतंय’ म्हणून ती हमखास अंगावर काढली जातात. १०८ला फोन करून शुद्ध ऑक्सिजन मागावा, बुडी मारल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. हायपरबॅरिक चेंबरमध्ये उपचार लागू शकतात. शक्यतो रुग्णालयही घाटाखालचेच गाठावे.