शिष्यवृत्ति आणि शिधा

गरीब मुलास अभियांत्रिकी शिक्षणासाठीं मदत करावी, याविषयीं दुमत होण्याचें कारण नाहीं. परंतु मदत म्हणजे केवळ फी, ही रूढ समजूत आम्हांस अपुरी वाटते.

सर विश्वेश्वरय्या यांचें उदाहरण घ्या. लहानपणींच पितृछत्र हरपलेलें. बंगळूरास शिकवण्या करून त्यांनीं १८८१ सालीं बी. ए. ची पदवी मिळविली. पुढें म्हैसूर सरकारची शिष्यवृत्ति मिळाली म्हणून ते पुण्याच्या सायन्स कॉलेजांत आले, आणि १८८३ सालीं एल. सी. ई. परीक्षेंत पहिले ठरले. खडकवासल्याच्या धरणास १९०३ सालीं बसविलेले स्वयंचलित दरवाजे ही त्यांचीच योजना. त्यांच्या जन्मदिनीं, १५ सप्टेंबरला, अभियंतादिनाचे समारंभ होतात. तेव्हां त्या शिष्यवृत्तीचेंही स्मरण व्हावें.

आतां आपल्या वाशीम जिल्ह्याकडे पाहूं. १९९८ सालीं अकोल्यापासून वेगळा झालेला हा जिल्हा मुख्यतः कोरडवाहू शेतीचा. २०१८ सालीं केंद्र सरकारनें त्याची गणना आकांक्षित जिल्ह्यांत केली. रिसोड-मानोऱ्याकडील मुलास किंवा मुलीस अमरावतीच्या, १९६४ सालीं निघालेल्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयांत प्रवेश मिळाला, फीचीही सोय झाली, तरी परक्या शहरांत राहावें कोठें, जेवावें काय, आणि पहिल्याच सत्रांत गणित अडलें तर विचारावें कोणास? हुशार मुलें बुद्धीअभावीं नव्हे, तर येथेंच खचतात.

पूर्वीं आपल्या घरांनीं हा प्रश्न वार लावून सोडविला होता. सात घरें मिळून एक विद्यार्थी जगे. कोणा एकावर भार पडत नसे. मात्र ती रीत बहुतांशीं आपल्या ज्ञातीपुरतीच राहिली, हें तिचें मोठेंच वैगुण्य. पुण्यांत १९५५ सालीं अच्युतराव आपटे यांनीं स्थापिलेल्या विद्यार्थी साहाय्यक समितीनें तें दूर केलें. जातपात न पाहतां खेड्यांतील गरजू विद्यार्थ्यांस निवारा व जेवण द्यावें, आणि त्यांनींही श्रमाची लाज धरूं नये, हा तिचा परिपाठ.

आमच्या वाचकांनीं एवढेंच करावें. पांच-सात कुटुंबांनीं मिळून एका विद्यार्थ्याचा चार वर्षांचा शिधा पत्करावा. घरांत कोणी एंजिनियर असेल त्यानें सुटींत त्याचा अभ्यास पाहावा. विद्यार्थी मिळवता झाला कीं त्यानें ते पैसे परत न करितां पुढच्या मुलाचा भार उचलावा. ऋषिऋण फेडण्याची आपली रीत हीच आहे: गुरूपासून घेतलेलें शिष्यास द्यावयाचें.