काचपेटीतला गरवणारा मासा

शोभेचे मासे पाळणाऱ्या मनुष्याची अपेक्षा सामान्यतः अशी असते की, आपल्या टाकीतील जीव रंगीत असावेत, चपळ असावेत, परस्परांशी गुण्यागोविंदाने नांदावेत आणि घरी आलेल्या पाहुण्यांच्या नजरेत तत्काळ भरावेत. बेडूकमासा या चार अपेक्षांपैकी रंगाची तेवढी अंशतः पुरी करतो, आणि तीही स्वतःच्या मर्जीने. उरलेल्या तिन्ही बाबतींत त्याची वर्तणूक सर्वस्वी विपरीत असते. तो क्वचितच पोहतो, शेजाऱ्याला गिळतो, आणि पाहुण्याला बोट दाखवून दिल्यावाचून दिसत नाही. असे असूनही प्रवाळटाकीचा षौक करणाऱ्या जगभरच्या लोकांत या बेढब प्राण्याविषयी, विशेषतः त्याच्या अंगठ्याच्या नखाएवढ्या पिलांविषयी, विलक्षण कुतूहल आढळते. ते अकारण नाही. परंतु या कुतूहलाची परिणती संगोपनात करण्यापूर्वी या जीवाची कैफियत नीट ऐकून घेणे अगत्याचे आहे.

प्राणिशास्त्राच्या दफ्तरात बेडूकमाशांची नोंद अँटेनॅरिडी या कुलात आणि लोफिइफॉर्मिस या गणात केलेली आहे. खोल सागराच्या काळोखात स्वयंप्रकाशी आमिष मिरवणारे मासे याच गणातले, आणि भूमध्यसमुद्रातील ज्या माशाने डोळ्यांपुढील तंतू हलवून लहान मासे जवळ ओढल्याचे वर्णन ॲरिस्टॉटलने करून ठेवले आहे तोही याच गोतावळ्यातला. बेडूकमासे मात्र बहुतांशी उष्ण व समशीतोष्ण समुद्रांच्या उथळ भागांत, प्रवाळांच्या, स्पंजांच्या व खडकांच्या आश्रयाने राहतात. त्यांपैकी वाहत्या सरगॅसम शेवाळात राहणारी जाती लिनीयसने 1758 सालीच नामाभिधान देऊन नोंदविली होती. तर इंडोनेशियातील अँबाॅन बेटाजवळ आढळलेली, अंगभर वळणावळणाचे पट्टे असलेली जाती शास्त्राच्या दरबारात रुजू व्हायला 2009 साल उजाडावे लागले.

याच अँबाॅन बेटावर अठराव्या शतकाच्या आरंभी डच ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीत सॅम्युएल फॅलूर्स नावाचा चित्रकार होता. त्याने काढलेली माशांची चित्रे लुई रेनार याने 1719 च्या सुमारास ॲम्स्टरडॅमला प्रसिद्ध केली. त्यांत ‘चालणारा मासा’ म्हणून एका बेडूकमाशाचे चित्र आहे, आणि त्याविषयी फॅलूर्स असे नमूद करतो की, वाळूवर सापडलेला हा मासा त्याने आपल्या घरी तीन दिवस जिवंत ठेवला आणि एखाद्या लहानशा कुत्र्याप्रमाणे तो त्याच्या मागेमागे सर्वत्र फिरत असे. या ग्रंथातील चित्रांत व मजकुरात अतिशयोक्तीला सुमार नाही, आणि कल्ल्यांवर जगणारा हा प्राणी कोरड्या जमिनीवर धन्याची पाठ धरणार नाही हे उघड आहे. तथापि, घरात बेडूकमासा बाळगल्याची ही एक फार जुनी लेखी नोंद होय. आणि तीन दिवसांनी त्या माशाचे काय झाले असावे याचा तर्क करण्यास फारशी कल्पनाशक्ती लागत नाही.

या माशाचे खरे वैभव त्याच्या शिकारीत आहे. पृष्ठपक्षाचा, म्हणजे पाठीवरील पराचा, पहिला काटा बदलून त्याची लवचीक काठी झालेली असते आणि काठीच्या टोकाला मांसल आमिष असते. कोकणात गरवणारा मनुष्य गरीला जे लावतो तेच निसर्गाने या माशाच्या कपाळावर कायमचे जडवून दिलेले आहे. जातीजातीगणिक या आमिषाचे रूप भिन्न: कोणाचे किड्यासारखे, कोणाचे तंतूंच्या झुबक्यासारखे. थिओडोर पीच आणि डेव्हिड ग्रोबेकर या संशोधकांनी 1978 साली फिलिपीन्समधील अशा एका बेडूकमाशाचे वर्णन प्रसिद्ध केले की, ज्याचे आमिष हुबेहूब एका चिमुकल्या माशासारखे होते आणि पाण्यात ते तशाच रीतीने हलविले जात असे. पुढच्याच वर्षी याच दोघांनी अतिजलद चलच्चित्रण करून दाखवून दिले की, बेडूकमासा जबडा उघडून सावज आत ओढून घेतो ती क्रिया सुमारे सहा मिलिसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या दीडशेव्या हिश्श्याच्या आसपास, उरकते. त्या क्षणी मुखाची पोकळी मूळच्या बारापट विस्तारते व पाण्यासह सावज आत खेचले जाते. मनुष्याची पापणी एकदा लवते तेवढ्या अवधीत ही क्रिया अनेकदा होऊन जाईल. साहजिकच टाकीपुढे बसलेल्या मालकाला शिकार दिसत नाही, फक्त एक कोळंबी कमी झालेली दिसते. मध्येच एखाद्या माशाने आमिष कुरतडून नेले, तर ते कालांतराने पुन्हा उगवते.

चालण्याच्या बाबतीतही हा जीव इतर माशांचा दस्तूर पाळत नाही. त्याचे अंसपक्ष, म्हणजे छातीकडील पर, कोपरात वाकल्यासारखे दिसतात, श्रोणिपक्ष, म्हणजे पोटाकडील पर, खाली टेकू देतात, आणि या चार अवयवांवर तो तळावरून संथपणे पावले टाकतो. कल्ल्यांची छिद्रे अंसपक्षांच्या मागे, लहान व गोल असतात. त्यांतून पाण्याचा झोत मागे सोडून तो प्रसंगी पुढेही सरकतो. अंगावर नेहमीसारखे खवले नसतात. त्वचेवर बारीक काटे, चामखिळीसारखे उंचवटे किंवा केसांसारखे तंतू असतात, आणि कधी त्यांवर शेवाळही रुजते. काही दिवसांच्या किंवा आठवड्यांच्या अवधीत तो आपला रंग बदलून शेजारच्या स्पंजाशी एकरूप होतो. म्हणूनच पिवळाधमक म्हणून खरेदी केलेला मासा दोन महिन्यांनी तपकिरी झाला, तर त्यात दुकानदाराची लबाडी शोधू नये.

आता प्रत्यक्ष संगोपनाकडे वळू. पहिला विचार निवडीचा. चामखीळवाल्या बेडूकमाशाचे पांढरे, त्यावर नारिंगी वा तांबडे डाग असलेले पिल्लू पाहून भल्याभल्यांचे भान हरपते. परंतु बालवयात जाती ओळखणे अतिशय कठीण असते, आणि आज सेंटिमीटरभर दिसणारे पिल्लू उद्या तळहाताएवढे राहील की फूटभराहून मोठे होईल, हे त्याच्या जातीवर अवलंबून असते. महाकाय म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जातीचे पिल्लू छोट्या टाकीत आणणे म्हणजे स्वतःवर व त्याच्यावर एकाच वेळी संकट ओढवून घेणे होय. शिवाय फार लहान पिल्लाचा जीव भुकेपुढे टिकत नाही. ज्याला पहिलाच बेडूकमासा पाळावयाचा आहे त्याने नखाएवढ्याचा मोह टाळून अडीच-तीन सेंटिमीटरांचा, व्यवस्थित खाणारा मासा निवडावा.

लहान जातीच्या एकट्या माशाला 80 ते 100 लिटरांची टाकी पुरते, कारण त्याला पोहण्याला मैदान लागत नाही. पाण्याच्या शुद्धतेत मात्र सवलत नाही. एकाच वेळी मोठे सावज गिळणारा हा प्राणी मळही त्याच मानाने टाकतो. त्यासाठी पाण्यातील मळ फेसाबरोबर काढून टाकणारा स्किमर पुरेसा मोठा असावा आणि आठवड्या-पंधरवड्याला दहा ते वीस टक्के पाणी बदलावे. खारे पाणी आर.ओ. पाण्यात ॲक्वेरियमचे मीठ घालून सिद्ध करावे. विशिष्ट गुरुत्व 1.023 ते 1.026 आणि तापमान 24 ते 26 अंश सेल्सिअस राखावे. नवी टाकी भरल्यानंतर चार ते सहा आठवडे जीवाणूंना आपला अंमल बसवू द्यावा. अमोनियाचे नायट्राइट आणि नायट्राइटचे नायट्रेट करणारे हे अदृश्य कारकून कामावर रुजू होऊन पहिल्या दोहोंची मोजणी शून्यावर येईपर्यंत मासा आणण्याचा विचारही करू नये. प्रवाह मंद असावा, आणि पंपाच्या तोंडावर स्पंजाची जाळी अवश्य बसवावी. कारण हा मासा जोराच्या ओढीतून पोहून सुटण्यास समर्थ नाही.

मुंबई-ठाण्यापासून नागपूरपर्यंत उन्हाळ्यात टाकीतील पाणी सहज तिशीपलीकडे जाते. पाणी तापले की त्यातील प्राणवायू घटतो आणि माशाची गरज वाढते, म्हणून पाणी थंड राखणारा चिलर ही येथे चैनीची वस्तू नसून मूळ खर्चाचाच भाग आहे. वीज जाण्याचा प्रकार नित्याचा असेल तेथे बॅटरीवर चालणाऱ्या हवेच्या पंपाची तजवीज आधी करावी. दिव्यांचा बडेजाव मात्र अनावश्यक. तीव्र प्रकाश प्रवाळाला लागतो, या माशाला नाही.

प्रवाळाचा विषय निघाला म्हणून त्याचा तपशील. घरातील प्रवाळटाकीच्या कल्पनेला चालना देणारा मनुष्य आशियातलाच: जाकार्ताचे ली चिन एंग यांनी 1961 साली समुद्रातील जिवंत खडक, म्हणजे जीवजंतू वसलेले प्रवाळांचे सांगाडे, व हवेचे बुडबुडे एवढ्यावर चालणारी आपली ‘नैसर्गिक’ पद्धत प्रसिद्ध केली. आपल्याकडे ती जशीच्या तशी उचलता येत नाही. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात 2001 साली सर्व खडकबांधणी प्रवाळे, काळे प्रवाळ, अग्निप्रवाळ आणि समुद्रपंखे समाविष्ट झाली. त्यामुळे लक्षद्वीप, अंदमान किंवा मालवणच्या समुद्रातून प्रवाळाचा तुकडा उचलून आणणे, मग तो जिवंत असो वा मेलेला सांगाडा असो, हा गंभीर गुन्हा ठरतो. बेडूकमाशाच्या मालकाला या निर्बंधाची झळ लागत नाही, ही समाधानाची गोष्ट. या माशाला प्रवाळ खायला नको, राहायलाही नको. किंबहुना दंश करणारी समुद्रफुले व काही प्रवाळे त्याच्या उघड्या त्वचेला अपायच करतात. भट्टीत भाजलेल्या मातीचे सच्छिद्र खडक, दोन-तीन कपारी आणि टेकायला एखादा रंगीत उंचवटा एवढ्यावर त्याचे बिऱ्हाड थाटले जाते.

अन्नाचे प्रकरण सर्वांत नाजूक आहे. प्रारंभी तो हलणारे सावजच ओळखतो, म्हणून जिवंत कोळंबी किंवा खाऱ्या पाण्याची हळूहळू सवय लावलेले मॉलीचे पिल्लू द्यावे लागते. मॉली गोड्या व खाऱ्या अशा दोन्ही पाण्यांत तग धरते. सावजाला आदल्या दिवशी चांगले खाद्य घालून मगच टाकीत सोडावे, कारण उपाशी कोळंबी म्हणजे रिकामी पिशवी. दुकानातील स्वस्त गोल्डफिश कदापि देऊ नये. तिच्यातील थायमिनेज हे विकर ब-1 जीवनसत्त्वाचा नाश करते आणि असा आहार दीर्घकाळ चालल्यास मासा खंगतो. पुढे पारदर्शक कांडीच्या टोकाला कोळंबीचा तुकडा टोचून तो त्याच्यापुढे हलवीत राहिल्यास बहुतेक मासे मृत अन्नही स्वीकारतात. वाढत्या पिल्लाला दिवसाआड आणि प्रौढाला दोन-तीन दिवसांनी एकदा, स्वतःच्या लांबीच्या तिसऱ्या हिश्श्याहून मोठे नसलेले सावज पुरे. तो याहून कितीतरी मोठे, स्वतःएवढेही, गिळू शकतो. परंतु पोटात न पचलेले मोठे सावज कुजले की वायू साचून मासा दगावतो. भुकेचा देखावा करण्यात हा पटाईत आहे, आणि मालकाच्या दयाबुद्धीने मेलेले बेडूकमासे उपासमारीने मेलेल्यांहून कमी नसावेत.

सोबत्यांविषयीचा नियम एका वाक्यात सांगता येतो: सोबती ठेवू नयेत. लहान मासा गिळला जातो. बरोबरीचा मासाही गिळला जाण्याचा संभव असतो. मोठा मासा त्याच्या आमिषाला किंवा पंखांना चावे घेतो. स्वच्छता करणारी कोळंबी दुसऱ्या दिवशी दिसत नाही. आणि दुसरा बेडूकमासा आणावा तर दोहोंपैकी जो मोठा असेल तोच उरतो. शेवाळ खरवडणाऱ्या गोगलगायींना काय ती सवलत आहे.

मासा हलवावयाचा झाल्यास त्याला जाळीने पाण्याबाहेर काढू नये. संकटसमयी पाणी पिऊन फुगण्याची त्याला सवय असते. हवेत उचलल्यास तो हवाच गिळतो आणि ती बाहेर टाकणे त्याला दुष्कर होते. पाण्याखालीच भांडे धरून त्यात त्याला चालवत न्यावे. तांबेयुक्त औषधे त्याच्या बिनखवल्यांच्या त्वचेला मानवत नाहीत, म्हणून रोग येऊ न देणे हाच उपचार समजून नवा मासा व त्याचे जिवंत अन्न ही दोन्ही काही काळ वेगळी ठेवून मगच टाकीत घ्यावीत. तो मधूनच जबडा अचाट पसरून जांभई देतो. हे सारखे होऊ लागले तर कोणीतरी त्याला वारंवार डिवचते आहे किंवा पाणी बिघडले आहे, असे समजून तपासणी करावी.

या सर्व तपशिलातून एकच सूत्र निघते. इतर मासे पाळणाऱ्याकडून उद्योगाची अपेक्षा करतात, बेडूकमासा संयमाची करतो: कमी घालणे, कमी हलविणे, कमी सजविणे, आणि रिकामी वाटणारी टाकी रिकामीच राहू देणे. बाजारात येणारे हे मासे बहुतांशी समुद्रातूनच पकडलेले असतात. आणि आग्नेय आशियातील शोभेच्या माशांच्या व्यापारात सायनाइड फवारून मासे गुंगविण्याची दुष्ट प्रथा 1960 च्या दशकापासून रुजलेली आहे. तेव्हा मासा कोठून व कसा आला हे विकत घेणाऱ्याने विचारलेच पाहिजे, आणि पैसे मोजण्यापूर्वी दुकानदाराला आपल्यासमोर त्याला एक कोळंबी घालावयास सांगितले पाहिजे. मासा खाणार नसेल तर परत यावे. खाल्ले, घरी निराळी टाकी सिद्ध आहे, पाणी दोन महिने स्थिर आहे आणि त्या टाकीत दुसरा मासा कधीही न ठेवण्याची घरातील सर्वांची तयारी आहे, अशी खात्री असेल तरच त्याला आणावे. यांतील एक अट जरी पुरी होत नसेल, तरी हा मासा आपल्यासाठी नाही असे खुशाल समजावे.