लेकराला विचारू द्या, 'ही जादू झाली कशी?'

मोर्शीतल्या आमच्या गल्लीत सात वर्षांचा एक मुलगा आहे. परवा त्याने आईच्या मोबाईलवर एका छोट्या जादूगाराचा सिनेमा पाहिला. सिनेमातला पोरगा काडी फिरवतो आणि रिकाम्या डब्यातून लाडू निघतात. सिनेमा संपताच हा आईला म्हणाला, ''माय, मलेबी तशी काडी पायजे. मंग तुले संत्रा तोडाले जा लागनार नाही.''

आई हसली, पण तिचे डोळे भरून आले. लेकराने जादू मागितली ती स्वतःसाठी नव्हे, आईच्या कष्टासाठी.

मायबापहो, असे सिनेमे मुलांना पाहू द्यावेत की नाही? आमचे म्हणणे आहे, जरूर पाहू द्यावेत. कल्पना करणे हा लेकरांचा हक्क आहे. मात्र सिनेमा संपल्यावर एक प्रश्न त्यांच्या तोंडी आलाच पाहिजे, तो म्हणजे 'हे केलं कसं?' हा प्रश्न विचारायला न शिकलेले मूल उद्या आई तापाने फणफणली की दवाखान्याऐवजी अंगाऱ्याच्या पुडीमागे धावेल. खरी भीती त्याची आहे.

आपल्या देशात सिनेमा रुजवणारा माणूस स्वतःच जादूगार होता, हे पुष्कळांना ठाऊक नसते. दादासाहेब फाळके यांचा जन्म १८७० साली त्र्यंबकेश्वरचा. ते हातचलाखीचे खेळ करीत आणि 'फाळके' हे आडनाव उलटे करून स्वतःला 'प्रोफेसर केळफा' म्हणवीत. सिनेमासाठी पैसा नव्हता. तेव्हा त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि त्याची रोज थोडी थोडी छायाचित्रे टिपली. ती सलग दाखवताच पाहता पाहता दाण्यातून कोंब निघून रोप उभे राहिले. 'अंकुराची वाढ' हा तो इवलासा चित्रपट. तो पाहून भांडवल देणारे तयार झाले. विम्याची पॉलिसी, पत्नीचे दागिने अशी घरची पुंजीही कामी आली. पत्नी सरस्वतीबाई स्वयंपाकाबरोबर फिल्मला भोके पाडण्याचे किचकट कामही करीत. त्यातून 'राजा हरिश्चंद्र' तयार झाला आणि ३ मे १९१३ रोजी मुंबईत लोकांसमोर आला. आज ज्याला कमी खर्चाचा सिनेमा म्हणतात, तो इथे पहिल्या दिवसापासून असा घरच्या भांड्याकुंड्यांतून उभा राहिला.

१९१९ साली फाळक्यांनी 'कालिया मर्दन' काढला. त्यात चमत्कार करणारा बाळकृष्ण झाली होती त्यांची स्वतःची लहान मुलगी मंदाकिनी. या चित्रपटाची सुरुवात ध्यानात ठेवण्यासारखी आहे. आधी ती मुलगी साध्या रूपात पडद्यावर येते आणि चेहऱ्यावर निरनिराळे भाव करून दाखवते. मग हळूच तिच्या जागी मुकुट घातलेला कृष्ण दिसू लागतो. म्हणजे ही एक मुलगी आहे, ती सोंग घेते आहे, हे जादूगाराने आधीच उघड करून टाकले!

तरीही त्या काळी पडद्यावरच्या राम-कृष्णापुढे माणसे हात जोडीत. फाळक्यांनी पुराणेच रंगवली, ती काही आपल्या वाटेची नव्हेत. राम-कृष्णांना देव न मानण्याची प्रतिज्ञा आपण १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर बाबासाहेबांच्या मागून घेतली आहे. पण त्यांची कारागिरी आपण जरूर पाहावी. पडद्यावरचा देव म्हणजे एक मुलगी, एक मुकुट आणि एक कॅमेरा, हे त्यातून पोरांना नीट कळते.

तथागतांची शिकवणही हीच आहे. दीघ निकायात केवट्ट नावाच्या गृहस्थाची गोष्ट येते. तो भगवंतांना विनवतो की, एखाद्या भिक्खूला चमत्कार करायला सांगा, म्हणजे नालंदेच्या लोकांची श्रद्धा वाढेल. भगवंत नकार देतात. हवेत उडणे, मनातले ओळखणे असल्या चमत्कारांत त्यांना धोका दिसतो. माणसाला योग्य विचार शिकवून बदलवणे हाच त्यांच्या मते श्रेष्ठ चमत्कार.

जादूगार आणि भोंदू यांची हातचलाखी पुष्कळदा एकच असते. सुरीला मिथाइल ऑरेंज नावाचे रसायन लावून लिंबू कापले की आंबट रसामुळे ते लाल होते आणि लिंबातून 'रक्त' निघते. जादूगार तिकीट घेऊन करमणूक करतो. भोंदू त्यालाच करणी म्हणतो आणि मजुराची आठवड्याची कमाई घेऊन जातो. अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते हेच प्रयोग गावोगाव करून दाखवतात आणि त्यामागचे कारणही सांगतात. या कामासाठी झटणारे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली. त्यानंतर काही दिवसांतच वटहुकूम निघाला आणि त्याच वर्षी डिसेंबरात जादूटोणाविरोधी कायदा मंजूर झाला. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला दवाखान्यात जाऊ न देता मंत्रतंत्र करणे हा त्या कायद्याने गुन्हा आहे. शेतात राबणाऱ्या प्रत्येक घराने एवढे तरी पाठ करून ठेवावे.

आता घरी करायची जादू सांगतो. खर्च एक मूठ चवळीचा. डब्याच्या झाकणात माती घालून चार दाणे पेरा. खडूने खूण करून मोबाईल रोज त्याच जागी ठेवा. सकाळी कामाला निघताना एक फोटो आणि संध्याकाळी परतल्यावर एक फोटो, असे दहा दिवस लेकराकडून काढून घ्या. मग ते वीस फोटो बोटाने भराभर सरकवा. दाणा फुटून रोप डोलताना दिसेल. दुसरा खेळ असा. मोबाईलवर मित्राचे चित्रीकरण करता करता ते मध्येच थांबवा, मित्राला बाजूला व्हायला सांगा आणि पुन्हा सुरू करा. पडद्यावर मित्र गायब! मात्र तोवर मोबाईल तसूभरही हलता कामा नये.

हा खेळ रविवारी विहारात सगळ्या मुलांनी मिळून करावा. एकाने करून दाखवावा आणि बाकीच्यांनी युक्ती ओळखावी. ओळखणाऱ्यासाठी टाळ्या वाजवाव्यात.

आमच्या गल्लीतल्या त्या मुलाला काडी मिळणार नाही. आईचे कष्ट मंत्राने हलके होत नसतात. ते हलके होतात हातात आलेल्या शिक्षणाने, मिळालेल्या रास्त मजुरीने आणि एकमेकांना दिलेल्या साथीने. बाबासाहेबांनी हीच वाट दाखवली. पण आईचे कष्ट संपावेत ही त्या लेकराची इच्छा अस्सल आहे, तिला कोणी हसू नये. त्याच्या हाती चवळीचे चार दाणे द्या आणि दहाव्या दिवशी त्यालाच विचारा, ''बाळा, ही जादू झाली कशी?''

त्याचे उत्तर पुरते ऐकून घ्या. जय भीम!