मंदिरापासून मशिदीपर्यंत : अहमदाबादच्या जुन्या शहराचे पायी वाचन

ऐतिहासिक नगरांचा परिचय करून देणारे ग्रंथ सामान्यतः संस्थापकापासून आरंभ करतात. अहमदाबादविषयी लिहावयाचे झाल्यास १४११ मधील अहमदशाहाची नगरस्थापना, भद्राचा किल्ला, १४२४ ची जामा मशीद, महमूद बेगड्याच्या कारकीर्दीत पूर्ण झालेला तट अशा क्रमाने विवेचन चालते आणि लोकवस्तीचा विचार अखेरीस, परिशिष्टात पडावा तसा येतो. अहमदाबाद महानगरपालिकेने १९ नोव्हेंबर १९९७ रोजी सुरू केलेल्या वारसा-फेरीने हा क्रम नेमका उलटा केला. ही फेरी काळुपूर येथील स्वामिनारायण मंदिरापासून सकाळी निघते, मार्गदर्शकाच्या मागोमाग लोकवस्तीच्या पोळांमधून वळणे घेत जाते आणि दोन-अडीच तासांनी जामा मशिदीपाशी थांबते. मंदिर १८२२ चे आहे. म्हणजे मैल-सव्वा मैलाच्या चालीत पाहणारा चार शतके मागे जातो आणि सुलतानांच्या नगरापाशी तो पोहोचतो तो सामान्य माणसांची घरे ओलांडल्यानंतर. नगराच्या अभ्यासकाला ही उलटी वाट अधिक उपकारक आहे. मात्र रस्त्यावरून चालणाऱ्यास जे दिसते तेवढ्यावर विसंबल्यास ती तितकीच फसवीही ठरते.

‘पोळ’ हा शब्द मराठी वाचकास प्रथम बैलाची आठवण करून देईल; परंतु त्याचा संबंध संस्कृत ‘प्रतोली’शी, म्हणजे दरवाजा किंवा वेस ह्या अर्थाच्या शब्दाशी आहे. एक दरवाजा, त्याच्या आत एक मुख्य गल्ली, तिला फुटलेल्या आंधळ्या उपगल्ल्या आणि त्यांच्या दोहों बाजूंस एकमेकांना खेटून उभी असलेली घरे, असे पोळेचे सर्वसाधारण स्वरूप असते. दरवाज्यावर रखवालदाराची खोली असे. आत एखादे देऊळ किंवा देरासर, एक विहीर, आणि पक्ष्यांना दाणे घालण्यासाठी खांबावर उभारलेला चबुतरा. एका पोळेत बहुधा एका ज्ञातीची किंवा एका व्यवसायाची कुटुंबे राहत. पुण्यातील आळी तिच्या जवळची खरी, पण आळीला रात्री बंद होणारा दरवाजा नसतो आणि सामाईक मालमत्ताही नसते. पोळेला ह्या दोन्ही गोष्टी होत्या.

मंदिरापासून निघालेली फेरी लवकरच लांबेश्वरनी पोळेत येते. येथे कवी दलपतराम (१८२०–१८९८) राहत असत. फार्बससाहेबास ‘रासमाळा’ रचताना ज्यांनी गुजरातची जुनी काव्ये व बखरी मिळवून दिल्या, तेच हे दलपतराम. त्यांचे घर आज अस्तित्वात नाही. त्याच्या जागी घराच्या दर्शनी भागाची प्रतिकृती उभारलेली असून तिच्यापुढे कवीचा बैठा धातुपुतळा आहे. दरवाजा आहे, खांब आहेत, सज्जा आहे; मागे मात्र घर नाही. स्मारक म्हणून ही योजना सुंदर आहे. अभ्यासकाने मात्र येथे थोडे अधिक थांबावे, कारण दर्शनी भाग राखला म्हणजे घर राखले असा जो समज फेरीतून नकळत निर्माण होऊ शकतो, त्याचे खंडन येथे आपोआपच होते. पोळेतील घर ज्या गोष्टींवर उभे असते त्यांतील बहुतेक रस्त्यावरून दिसत नाहीत.

पहिली गोष्ट पाण्याची. घराच्या मध्यभागी उघडा चौक आणि चौकाखाली टांके, ही येथील जुन्या संपन्न घरांची रचना होय. गुजरातीतील ‘टांकुं’ आणि आपल्या गडांवरील ‘टाके’ हा एकच शब्द. फरक एवढाच, की गडावरचे टाके कातळात खोदलेले असते, तर येथले जमिनीखाली बांधून काढून चुन्याने लिंपलेले. पावसाळ्याच्या प्रथम सरींनी छप्पर धुऊन निघाले की ते पाणी वाहू देत. त्यानंतरचे पाणी नळाने टाक्यात उतरवीत. उजेड शिरत नसल्याने पाण्यात शेवाळ धरत नसे आणि ते वर्षभर पिण्यास पुरत असे. विहिरींचे पाणी मचूळ, त्यामुळे टाक्याचे महत्त्व विशेष. पुण्याशी तुलना केल्यास हा भेद स्पष्ट होतो. तेथे पेशव्यांनी कात्रजहून नळ आणून पाणी सार्वजनिक हौदांत सोडले, म्हणजे पाण्याची जबाबदारी राज्याने घेतली. अहमदाबादेत ती घराघराने आपल्या चौकाखाली घेतली होती. रणछोडलाल छोटालाल ह्यांच्या पुढाकाराने १८९१ मध्ये नळाचे पाणी आले, आणि टाके हळूहळू विस्मरणात गेले.

दुसरी गोष्ट बांधणीची. फेरीत हरकुंवर शेठाणीच्या हवेलीसमोर सर्वजण थांबतात आणि सज्ज्याखालील कोरीव हस्तांकडे माना वर करून पाहतात. शेठाणीने पतीच्या मृत्यूनंतर दिल्ली दरवाज्याबाहेरील हठीसिंगांचे जैन मंदिर १८४८ मध्ये पुरे करविले. तिची हवेलीही तशीच भारदस्त आहे. परंतु कोरीव काम हा लाकडाचा दुय्यम उपयोग होय. मुख्य उपयोग भिंतीच्या पोटात आहे. विटांच्या भिंतींत ठराविक अंतरावर आडव्या तुळया घातलेल्या असतात आणि त्या खांबांशी व पाटांशी जखडलेल्या असतात. भूकंपात अशी भिंत एकदम कोसळत नाही. ती हलते, विटा परस्परांवर घासतात, आणि धक्क्याचा जोर त्यात खर्ची पडतो. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात नदीपलीकडील नव्या शहरात सिमेंटच्या अनेक बहुमजली इमारती जमीनदोस्त झाल्या, पण पोळांतील अशी घरे पुष्कळ प्रमाणात टिकून राहिली.

तिसरी गोष्ट कागदाची आहे, आणि ती सर्वांत नाजूक आहे. पोळेचा कारभार पंच पाहत. घर विकताना शेजाऱ्यांची संमती लागे आणि घेणाऱ्याने किमतीचा काही भाग पोळेच्या निधीत भरावयाचा असे. त्यातून दरवाजा, दिवाबत्ती, विहीर ह्यांची निगा राखली जाई. हे बंधन आज सैल झाले आहे. त्यात वारसांच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या वाटण्यांनी एकेका घराचे अनेक मालक झाले, आणि १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने भाडे गोठल्यामुळे घरमालकास दुरुस्तीत रस उरला नाही. कित्येक कुटुंबे नदीपलीकडे राहावयास गेली आणि मोकळ्या घरांचे कोरीव खांब व हस्त बाजारात विकले गेले. २०१७ मध्ये युनेस्कोने ह्या नगरास जागतिक वारसा नगराचा दर्जा दिला. भारतातील असे ते पहिलेच नगर. दर्जाने कौतुक वाढते, परंतु आठ भावंडांच्या सामाईक भिंतीची दुरुस्ती कोणी करावयाची हा प्रश्न त्याने सुटत नाही.

पोळांना दरवाजे का आले, ह्याचे एक प्रचलित उत्तर मराठी वाचकास खटकल्यावाचून राहणार नाही : अठराव्या शतकातील अशांतता, आणि त्यातही मराठ्यांचे उपद्रव. ही अशांतता काल्पनिक नव्हे. १७५३ मध्ये रघुनाथराव व दमाजी गायकवाड ह्यांनी शहर घेतले, १७५६ मध्ये ते मोमीनखानाने परत मिळविले, १७५८ मध्ये ते पुन्हा मराठ्यांकडे आले आणि १८१७-१८ च्या सुमारास इंग्रजांच्या ताब्यात जाईपर्यंत पेशवे व गायकवाड ह्यांच्यात विभागलेले राहिले. भीतीने दरवाजे अधिक भक्कम झाले असतील. पण संमती, निधी आणि पंच ही व्यवस्था केवळ भीतीतून निर्माण होते असे मानणे कठीण आहे. तिचे मूळ ज्ञाती आणि व्यापारी महाजन ह्यांच्या संघटनेत शोधावे लागेल.

फेरीच्या अखेरच्या टप्प्यात मुहूर्त पोळ लागते. ही पहिली पोळ मानली जाते. तेथून माणेक चौक अगदी जवळ. सकाळी गाईंना चारा, दिवसा सोन्याचांदीचा व्यापार आणि रात्री खाद्यपदार्थ, असे ह्या चौकाचे दिवसातील तीन अवतार आहेत. राणीच्या हजीऱ्याभोवती कापडाची व दागिन्यांची दुकाने इतकी दाटली आहेत की कबरीची वास्तू प्रथम लक्षातही येत नाही. समोर बादशाहाचा हजीरा, आणि त्यापलीकडे जामा मशीद. तिचे मिनार १८१९ च्या भूकंपात पडले. प्रार्थनागृहातील दोनशे साठ खांब शाबूत आहेत.

मराठी अंमलाची ठळक खूण असलेली गायकवाडांची हवेली रायखड भागात, ह्या मार्गापासून दूर आहे. साठ वर्षांच्या त्या अंमलात पोळांच्या कारभारात सरकारचा हात कितपत होता, घरविक्रीवर काही पट्टी बसे काय आणि पंचांच्या निवाड्यास कोतवालाकडे कितपत मान होता, हे पुणे व बडोदे येथील गुजरातविषयक मोडी कागद ह्या दृष्टीने वाचल्याशिवाय सांगता येणार नाही. गुजराती अभ्यासकांना मोडीची अडचण पडते आणि मराठी अभ्यासक त्या कागदांत बहुधा मोहिमा व तहच शोधीत असतात.