गुणसूत्रांतील बदल आणि मुलाची वाढ: तपासणी व निरामय विमा
आपले मूल उशिरा बसले, अजून बोलत नाही? कारण कधी गुणसूत्रांत असते. 46 गुणसूत्रांपैकी एकाचा तुकडा तुटून दुसऱ्याला जोडला जातो. आई किंवा वडिलांत असा बदल असला तरी एकूण हिशेब पूर्ण भरतो, म्हणून त्यांना बहुधा त्रास नसतो. मुलाकडे मात्र तुकडा कमी किंवा जास्त गेल्यास मेंदूची वाढ अडते. यात आईची चूक नाही, ग्रहणाचीही नाही.

येलहंका येथील पालकांनी अंगणवाडीत येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला मूल दाखवावे. तपासणी मोफत असते. गुणसूत्रांची तपासणी थोड्या रक्तावर होते. दुसऱ्या बाळाचा विचार असल्यास आई-वडिलांनीही ती आधी करून घ्यावी. बौद्धिक दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र असल्यास निरामय योजनेत 1 लाख रुपयांपर्यंतचा आरोग्य विमा मिळतो. थेरपीचा खर्चही त्यात ठरावीक मर्यादेपर्यंत येतो.