गिळताना दुखतंय? पित्त म्हणून सोडू नका

केमोथेरपी चालू असलेल्या माणसाच्या छातीत भाकरीचा घास अडकल्यासारखा होतो, साधं पाणीही आग करत उतरतं. आपल्याकडे घरचे लगेच म्हणतात, पित्त झालं असेल. मेडिकलमधून गोळी येते आणि दोन-चार दिवस निघून जातात. कर्करोगाच्या उपचारांसाठी अकोला-नागपूरच्या वाऱ्या करणाऱ्या रुग्णाला ते दिवस परवडणारे नसतात.

अन्ननलिकेत जिवाणू सहसा ठाण मांडत नाहीत. लाळ त्यांना खाली वाहून नेते, अस्तर अडवतं, रक्तातल्या पांढऱ्या पेशी उरलेल्यांचा समाचार घेतात. केमोमुळे या पेशी घटल्या आणि अस्तर सोललं, की एरवी तोंडात निमूट राहणारे स्ट्रेप्टोकॉकससारखे जिवाणू नलिकेच्या भिंतीत शिरतात, तिथून रक्तात. अमेरिकेतल्या थॉमस वॉल्श आणि सहकाऱ्यांनी १९८६ साली या आजारावर शोधनिबंध लिहिला. त्यांची कसोटी कडक होती: तपासलेल्या ऊतीत जिवाणू आत घुसलेले दिसावेत आणि तिथे बुरशी, विषाणू किंवा कर्करोग नसावा.

निदान अवघड आहे ते याच कारणाने. प्रतिकारशक्ती खालावली की कॅन्डिडा ही बुरशी कितीतरी जास्त आढळते. शिवाय हर्पिस, सायटोमेगॅलो विषाणू, क्वचित छातीतल्या गाठींमधून पसरलेला क्षयही. दुखणं सारखंच, औषधं मात्र वेगळी. एचआयव्हीच्या रुग्णाच्या तोंडात पांढरा थर दिसला तर डॉक्टर बहुधा आधी फ्लुकोनॅझोल देऊन पाहतात, आणि ते रास्तच आहे. आठवड्यात उतार पडला नाही, तर दुर्बिणीने पाहून तुकडा तपासावा लागतो. केमोच्या रुग्णाचे प्लेटलेट कमी असतील तर तुकडा काढताना रक्तस्रावाची भीती असते, म्हणून कधी तपासणीआधीच प्रतिजैविकं सुरू होतात.

सोबत ताप असेल तर मात्र थांबूच नये. न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी ५०० च्या खाली आणि ताप १०१ फॅरनहाइट, म्हणजे तातडीची अवस्था. रुग्णालयात पोहोचल्यावर तासाभरात शिरेतून प्रतिजैविक मिळायला हवं. धारणीच्या माणसाला सेमाडोह, परतवाडा करत घाटातून अमरावती गाठायची असते. त्याने सकाळची वाट पाहू नये, आणि डॉक्टरांना न विचारता पॅरासिटामॉल घेऊन ताप दाबूही नये. निघताना शेवटच्या केमोची तारीख लिहिलेली फाइल आणि रक्ताचा ताजा रिपोर्ट पिशवीत घ्यावा. रात्रपाळीच्या डॉक्टरला सगळ्यात आधी तेच लागतं.