मानधनाचं एक वर्ष

२०११ साली मुंबईतल्या काही स्त्रियांनी एक साधा प्रश्न विचारायला सुरुवात केली. सार्वजनिक शौचालयात पुरुषाला लघवीसाठी पैसे पडत नाहीत, मग बाईकडून का घेता? फुटपाथवर भाजी विकणारी, चार घरची धुणीभांडी करणारी, कचरा वेचणारी बाई दिवसाचे दहा-बारा तास घराबाहेर असते. तिने एक तर पैसे मोजायचे, नाही तर तहान मारायची. अनेक जणी तहानच मारत होत्या आणि मूत्रमार्गाचे आजार अंगावर काढत होत्या. या प्रश्नातून ‘राइट टू पी’ ही मोहीम उभी राहिली. तीसहून अधिक संस्था एकत्र आल्या, शौचालयांची पाहणी झाली, हजारो सह्या गोळा झाल्या, महापालिकेत खेटे घातले गेले. मोहिमेच्या बिनीच्या कार्यकर्त्या मुमताज शेख स्वतः मुंबईच्या वस्तीत वाढलेल्या, घरातली हिंसा सोसून उभ्या राहिलेल्या. २०१५ मध्ये बीबीसीने जगभरातल्या शंभर स्त्रियांच्या यादीत त्यांचं नाव घेतलं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये, पुण्याच्या ‘मिळून साऱ्याजणी’ मासिकाच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने महापालिकांना स्त्रियांसाठी स्वच्छ, सुरक्षित स्वच्छतागृहं बांधण्याचे आदेश दिले.

अशी मोहीम एखाद्या सभेतून किंवा अग्रलेखातून उभी राहत नाही. तिच्यामागे वर्षानुवर्षं घडलेली माणसं असतात. ‘राइट टू पी’मागच्या माणसांचा माग काढला की आपण चेंबूरच्या ‘कोरो’ या संस्थेपाशी आणि तिच्या फेलोशिपपाशी येऊन पोचतो.

कोरोची सुरुवात १९८९ची, प्रौढ साक्षरतेच्या कामासाठी. मुंबईच्या वस्त्यांमध्ये बायकांना अक्षरओळख करून देणारे वर्ग सुरू झाले. संस्थेच्या संस्थापकांपैकी एक, सुजाता खांडेकर, वीज मंडळात अभियंता होत्या; पुढे त्या पूर्णवेळ याच कामात आल्या. वर्गांत अक्षरं गिरवता गिरवता बायका रेशनबद्दल, नळाबद्दल, दारू पिऊन मारणाऱ्या नवऱ्याबद्दल बोलू लागल्या. वस्तीचं दुखणं वस्तीतलीच बाई अधिक नेमकं मांडते आणि ते सोडवायला ती अधिक काळ टिकते, हे त्यातून संस्थेला उमगलं. महिला मंडळांचं फेडरेशन, कौटुंबिक हिंसेविरुद्धचं काम, मुलग्यांबरोबरचं काम हे सगळं त्या समजुतीवर उभं आहे. २००८ मध्ये हीच समजूत मुंबईबाहेर, महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत नेण्यासाठी तळागाळातल्या कार्यकर्त्यांची फेलोशिप सुरू झाली.

तिची रचना नीट पाहण्यासारखी आहे. फेलो होण्यासाठी पदवीचं प्रमाणपत्र लागत नाही. गावपातळीवरच्या छोट्या संस्था आपल्यातल्या तरुण कार्यकर्त्याचं नाव सुचवतात. दलित, आदिवासी, भटक्या-विमुक्त, मुस्लिम समाजांतले तरुण-तरुणी आणि एकल स्त्रिया यांना त्यात मुद्दाम जागा केलेली असते. फेलोने आपल्याच गावात, आपल्याच प्रश्नावर काम करायचं. महिन्याला मानधन, ठरावीक काळाने निवासी शिबिरं आणि सोबतीला आपल्याच संस्थेतला एक अनुभवी मेंटर. शिबिरांत राज्यघटना असते, कायदे असतात, अर्ज कसा लिहायचा आणि तहसीलदारांसमोर कसं बोलायचं हेही असतं. पण सुरुवात होते स्वतःपासून. माझ्या घरात कोण शेवटी जेवतं? माझी जात मला कुठे कुठे अडवते, आणि माझ्यामुळे दुसरं कोण अडतं? ही उत्तरं पहिल्यांदा सर्वांसमोर देताना अनेकांचा बांध फुटतो. ज्याने हे केलं आहे तो पुढे गावात बोलताना पुस्तकातलं बोलत नाही.

माझ्या मते मात्र या सगळ्यात निर्णायक असतं ते मानधन. आपल्याकडे समाजकार्य म्हटलं की पदरमोड गृहीत धरतात, आणि पदरमोड कोणाला परवडते? ज्याच्या घरी शेती बागायती आहे, वडिलांची पेन्शन आहे, त्याला. मजुरीवर जगणाऱ्या घरातली बावीस वर्षांची मुलगी ग्रामसभेला गेली की तिची त्या दिवसाची मजुरी बुडते. वर सासू विचारते, ‘तिथं जाऊन मिळतं काय?’ महिन्याच्या महिन्याला ठरावीक रक्कम तिच्या खात्यात जमा होऊ लागली की घर तिच्या बाहेर जाण्याला काम म्हणू लागतं. मोबाइल तिच्या हातात येतो, तालुक्याच्या एसटीचं भाडं कुणाकडे मागावं लागत नाही. रक्कम लहान असते, पण गरिबाघरच्या मुलीला सार्वजनिक जीवनात पाय ठेवायला दुसरा रस्ता सहसा नसतो.

माणसाला अशी आर्थिक साथ देणं आपल्याकडे नवं नाही. विठ्ठल रामजी शिंदे १९०१ मध्ये युनिटेरियन मंडळींच्या शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डला गेले आणि परत आल्यावर १९०६ मध्ये त्यांनी मुंबईत डिप्रेस्ड क्लासेस मिशनची स्थापना केली. १९१३ मध्ये सयाजीराव गायकवाडांच्या बडोदा संस्थानाने एका तरुणाला तीन वर्षांची शिष्यवृत्ती देऊन कोलंबिया विद्यापीठात पाठवलं. भीमराव आंबेडकर तिथे काय शिकले आणि परतून त्यांनी काय केलं हे मराठी वाचकाला सांगायला नको. या शतकाच्या सुरुवातीला फोर्ड फाउंडेशनचा आंतरराष्ट्रीय फेलोशिप कार्यक्रम याच वाटेने गेला. २००१ ते २०१३ या काळात भारतासह २२ देशांतल्या, उच्च शिक्षणाची दारं बंद असलेल्या समाजांतल्या ४,३००हून अधिक जणांना त्याने पदव्युत्तर शिक्षण दिलं.

अशा शिष्यवृत्त्यांचं मोल मोठंच आहे. तरी त्यांत माणूस गावातून उठून दूर जातो आणि परत येणं त्याच्या निष्ठेवर सोपवलेलं असतं. कोरोसारख्या फेलोशिपमध्ये तो गावातच राहतो. मानवी हक्क आणि स्त्री-पुरुष समतेच्या प्रश्नांना ही दुसरी तऱ्हा अधिक लागू पडते, कारण त्यांची लढाई गावच्या चावडीवर, कधी घराच्या ओसरीवरच असते. हेरवाडचं उदाहरण घ्या. कोल्हापूर जिल्ह्यातल्या या ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही तसं करण्याविषयी परिपत्रक काढलं. परिपत्रक गावात पोचतं. पण अंत्यविधीच्या वेळी बांगड्या फोडायला पुढे सरसावणाऱ्या बायकांना थांबवायला तिथे कुणी तरी हजर असावं लागतं, आणि ते कुणी तरी त्याच भावकीतलं असेल तरच त्याचं ऐकलं जातं.

ऊसतोडीचं तसंच. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न गाजला. राज्य सरकारच्या समितीच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक स्त्रियांची गर्भाशयं काढलेली आढळली. खाडा केला की मुकादम पैसे कापतो, पाळीतही फडावर सुट्टी नसते, ही त्यामागची कारणं. समितीचा अहवाल आला, शिफारशी आल्या. त्या पाड्यावर, तांड्यावर नेऊन ‘ताई, हे ऑपरेशन करायच्या आधी सरकारी दवाखान्यात दाखव’ असं सांगणारी मुलगी त्याच तांड्यातली हवी.

मराठवाड्यात एकल महिला संघटना वाढली तीही अशाच माणसांच्या बळावर. विधवा, परित्यक्ता, घटस्फोटित, अविवाहित अशा बायका, ज्यांना लग्नकार्यात मागे बसवतात, ज्यांचं नाव दिराच्या किंवा भावाच्या रेशनकार्डावर असतं, त्या स्वतःच्या नावाचं रेशनकार्ड आणि घरावर नाव मागू लागल्या.

समतेचं काम बायकांवर सोपवून पुरुषांनी टाळ्या वाजवणं पुरेसं नाही. १९९१ मध्ये पत्रकार सी. वाय. गोपीनाथ यांनी वर्तमानपत्रातून, बायकोला मारहाण करणं चूक आहे असं मानणाऱ्या पुरुषांना पुढे येण्याचं आवाहन केलं. दोनशेहून अधिक पुरुषांनी उत्तरं पाठवली. त्यातून १९९३ मध्ये ‘मावा’ ही पुरुषांची संघटना जन्मली. हरीश सदानींच्या पुढाकाराने २००६ पासून कॉलेजमधल्या मुलग्यांना घडवण्याचा ‘युवा मैत्री’ हा उपक्रम सुरू झाला. मुलं शिबिरांत मर्दपणावर, प्रेमावर, नकार पचवण्यावर बोलतात आणि मग पथनाट्यं घेऊन गावोगाव जातात. ‘पुरुष स्पंदनं’ हा मावाचा दिवाळी अंक काही वाचकांच्या घरी येतही असेल.

आता अडचणींविषयी, आणि त्या गंभीर आहेत. बऱ्याच मोठ्या फेलोशिपचे अर्ज इंग्रजीत असतात. ज्या मुलीसाठी योजना आखली तिला अर्जच वाचता येत नाही. जात पंचायतीविरुद्ध उभ्या राहिलेल्या तरुणाला वाळीत टाकलं जातं. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा २०१६चा कायदा महाराष्ट्रात आहे, पण फिर्याद द्यायला पोलीस ठाण्यापर्यंत त्याच्याबरोबर कोण जाणार, याची सोय आखणीतच असायला हवी. एकट्या माणसाला ‘नेता’ ठरवून त्याचे फोटो छापले की बरोबरचे गट दुरावतात. आणि पैसा. सप्टेंबर २०२० मध्ये परदेशी देणग्यांच्या कायद्यात दुरुस्ती झाली. एका संस्थेने परदेशी निधी दुसऱ्या संस्थेला देण्यावर बंदी आली आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली. गावातल्या छोट्या संस्थांना मोठ्या संस्थांमार्फत मिळणारा आधार त्यामुळे आटला. कंपन्यांचा सामाजिक निधी शाळा, पाणी, आरोग्य यांना सहज मिळतो. जमिनीच्या हक्कासाठी किंवा जातीय अत्याचाराविरुद्ध झगडणाऱ्या मुलीच्या मानधनासाठी तो फार क्वचित येतो.

म्हणून ही जबाबदारी आपल्यापर्यंत येते. महाराष्ट्रात गावोगावी न्यास आहेत, पतसंस्था आहेत, माजी विद्यार्थी मंडळं आहेत, महाराष्ट्र मंडळं तर सातासमुद्रापार आहेत. दरवर्षी ती पुरस्कार देतात, आणि बहुतेकदा ते काम करून दमलेल्या माणसाला मिळतात. तो सत्कार व्हावाच. पण त्याच निधीतून काम सुरू करणाऱ्या एका मुलीचं किंवा मुलाचं वर्षभराचं मानधन, प्रवासखर्च आणि एका मेंटरचा खर्च उचलता येईल. आपल्या तालुक्यात अशी छोटी संस्था कोणती हे शोधा, तिच्या कार्यकर्त्यांना भेटा, आणि पुढच्या आर्थिक वर्षाच्या अंदाजपत्रकात हा खर्च मांडा. तो एका वर्षावर थांबवू नका. किमान तीन वर्षं द्या.